पडद्यावरचे सौंदर्य आणि वाढत्या वयातील मुलगी: पालकांनी काय करावे, काय टाळावे

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या बोलण्यात काही वाक्ये नव्याने ऐकू येऊ लागतात. "माझ्या मांड्या बघ ना किती जाड आहेत", "तो फोटो कोणाला पाठवू नकोस, माझे नाक भलतेच दिसते आहे", "मी मागच्या रांगेत उभी राहते, पुढे नको." बहुतेक घरांत यावर ठरावीक उत्तर मिळते: "काहीतरीच बोलतेस, छान तर दिसतेस!" उत्तर प्रेमापोटी दिलेले असते, तरी मुलगी ते कानाआड करते. तिने आपले शरीर एकटे पाहिलेलेच नसते; दिवसभर फोनवर, जाहिरातींत आणि मालिकांत दिसलेल्या असंख्य शरीरांच्या शेजारी ठेवून ते पाहिलेले असते. माणूस स्वतःचे मोजमाप इतरांशी तुलना करून ठरवतो, हा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडला. त्या काळी तुलनेला शेजारपाजारचे आणि वर्गातले लोक असत. आजच्या मुलीसमोर निवडून घेतलेले, योग्य प्रकाशात टिपलेले आणि नंतर दुरुस्त केलेले चेहरे येत राहतात, आणि ते कधी संपत नाहीत. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी आपला प्रयत्न मुलीला "तू सुंदर आहेस" हे पटवण्यावर खर्च करण्याऐवजी तुलनेची ही सवय सैल करण्यावर खर्च करावा, असे माझे मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच हेतूने दिल्या आहेत.

"पडद्यावर काही पाहिल्याने एवढे काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांना फिजी बेटांवरील एक अभ्यास सांगावा. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. भरलेले, धष्टपुष्ट शरीर चांगले मानणाऱ्या त्या समाजातील शाळकरी मुलींची पाहणी ॲन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या संशोधिकेने त्या वर्षी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्यासंबंधीच्या विकाराची शक्यता दर्शवणारे गुण मिळालेल्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली, ज्या पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, त्या दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के निघाल्या. दोन्ही पाहण्यांत साठ-पासष्टच मुली होत्या आणि दुसऱ्या वेळच्या मुली वेगळ्या होत्या, त्यामुळे एवढ्यावरून सारे सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, इतके त्यातून नक्की कळते.

शरीरात काय चालले आहे ते आधी सांगावे

मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारणपणे ८ ते १३ या वयात सुरू होतात. उंची झपाट्याने वाढते, कंबर आणि मांड्या भरतात, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते आणि त्यानंतर काही काळाने पाळी सुरू होते. मोठेपणी जे वजन असते त्यातील जवळपास निम्मे वजन किशोरवयात वाढते. म्हणजे ज्या वर्षांत अंग भरणे हे निरोगी वाढीचे लक्षण असते, नेमक्या त्याच वर्षांत सपाट पोट आणि काटकुळे पाय हाच सौंदर्याचा नमुना म्हणून तिच्यासमोर ठेवला जातो. मुलाचे याच वयात खांदे रुंदावतात आणि स्नायू वाढतात, म्हणजे त्याचे शरीर निदान जाहिरातीतल्या पुरुषाच्या दिशेने तरी सरकते. मुलीचे शरीर मात्र जाहिरातीतल्या स्त्रीपासून दूर जाऊ लागते आणि ही आपलीच काहीतरी चूक आहे असा समज ती करून घेते.

ही माहिती पाळी येण्यापूर्वीच, साध्या शब्दांत द्यावी. "तुझे अंग आता भरायला लागेल, कपड्यांचे माप बदलेल, वजनाचा काटा पुढे जाईल, आणि हे असेच व्हायला हवे," एवढे वाक्य पुरते. वर्गातल्या सर्व मुली एकाच वेळी वाढत नाहीत हेही सांगावे, कारण मैत्रिणींच्या आधी वयात येणाऱ्या मुलीला स्वतःच्या शरीराचा अधिक संकोच वाटतो असे वारंवार आढळले आहे. अशी मुलगी पोक काढून चालू लागली, उन्हाळ्यातही सैल आणि लांब कपडे घालू लागली, तर तिला टोकू नये. बसणारे नवे कपडे शांतपणे आणून द्यावेत. तोकड्या पडलेल्या जुन्या कपड्यांत कोंबून बसवलेल्या मुलीला आपले शरीर दिवसभर टोचत राहते.

"चित्र खोटे आहे" एवढे सांगून भागत नाही

छायाचित्रात फेरफार केलेला असतो हे मुलीला समजावले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. काही देशांनी याच समजुतीने कायदेही केले. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलची अंगकाठी संगणकावर बदललेली असल्यास जाहिरातीवर तशी सूचना छापणे बंधनकारक आहे, आणि नॉर्वेने जुलै २०२२ पासून असाच नियम लागू केला. हेतू उत्तम आहे. परंतु अशा सूचनांचा परिणाम तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगांत मुलींची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झालेली दिसली नाही. शरीराचा कोणता भाग बदलला आहे हे सूचनेत लिहिले तर पाहणाऱ्यांची नजर उलट त्याच भागाकडे अधिक वळते, असेही दिसून आले. हे चित्र बनावट आहे हे डोक्याला कळेपर्यंत डोळ्यांनी तुलना उरकलेली असते.

याचा अर्थ माहिती देऊच नये असा नाही. फक्त ती उपदेशाच्या रूपात न देता मुलीच्या हातून करवून घ्यावी. एक प्रयोग घरी पाच मिनिटांत होतो. तिला आपल्या चेहऱ्यापासून साधारण तीस सेंटिमीटर अंतरावर फोन धरून एक फोटो काढायला सांगावा. मग फोन दीड मीटर दूर टेबलावर ठेवून, टायमर लावून दुसरा फोटो काढावा आणि चेहरा दोन्हींत सारख्याच आकाराचा दिसेल असा कापून घ्यावा. पहिल्या फोटोत नाक मोठे आणि फुगीर दिसते, कान मागे दडतात. दुसऱ्यात तोच चेहरा वेगळा, अधिक प्रमाणबद्ध दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात याचे गणित मांडले आहे: इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त भासते. ज्या नाकावरून मुलगी आरशासमोर रडते, ते पुष्कळदा भिंगाच्या अंतराने घडवलेले असते, आणि हे तिने स्वतः दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले की सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरा प्रयोग फिल्टरचा. तिचाच फोटो फिल्टरमधून काढून नेमके काय काय बदलले याची यादी तिलाच करू द्यावी. डोळे मोठे होतात, हनुवटी निमुळती होते, त्वचेवरचे छिद्रन् छिद्र पुसले जाते, आणि कित्येकदा वर्ण उजळतो. या शेवटच्या बदलाकडे तिचे लक्ष आवर्जून वेधावे. फेसॲप या ॲपने २०१७ मध्ये चेहरा "आकर्षक" करणारा एक फिल्टर आणला, तो सावळ्या माणसांना सरळ गोरे करून टाकत होता, आणि ओरड झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेल्या चेहऱ्यांतच तो पूर्वग्रह होता, असे स्पष्टीकरण त्याने दिले. गोरेपणा म्हणजे सौंदर्य, हे समीकरण यंत्राने शोधून काढले नाही, आपणच त्याला पुरवले, एवढी चर्चा चौदा वर्षांची मुलगी सहज करू शकते.

ज्यांचे फोटो पाहून ती झुरते त्यांनाही हे सुटलेले नाही. अभिनेत्री केट विन्स्लेट यांनी २००३ मध्ये एका मासिकाने मुखपृष्ठावर आपल्याला अवास्तव सडपातळ केल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती आणि आपण तशा दिसत नाही असे सांगितले होते.

फोन हिसकावू नये, शेजारी बसावे

समाजमाध्यमांचा परिणाम कंपन्यांनाही ठाऊक होता. फेसबुकचे अंतर्गत कागद २०२१ मध्ये बाहेर आले. त्यांतील एका सादरीकरणानुसार, स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटले, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. या आकड्याचा अर्थ चुकीचा लावला जात आहे असे कंपनीचे म्हणणे होते. काहीही असो, फोन बंद करून टाकणे हा पहिला विचार पालकांच्या मनात येतोच. तो टाळावा. मैत्रिणींशी असलेला संबंधही त्याच फोनवर असतो, आणि फोन काढून घेतलेली मुलगी पुढच्या वेळी काही सलले तर ते सांगायला येत नाही.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा, तिची तयारी असेल तेव्हा, दहा मिनिटे शेजारी बसून तिच्या फोनवर एकापाठोपाठ जे येईल ते पाहावे. मध्ये मत देऊ नये. प्रत्येक चित्रानंतर तिला तीनच प्रश्न विचारावेत: हे कोणी दाखवले, यातून काय विकले जात आहे, आणि हे पाहिल्यावर तुला आधीपेक्षा बरे वाटले की वाईट? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुली पटापट आणि हुशारीने देतात. तिसऱ्यापाशी त्या अडखळतात, कारण तसे त्यांनी स्वतःला कधी विचारलेले नसते. जे पाहून वाईट वाटते ते खाते तिनेच तिच्या हाताने बंद करावे किंवा "हे नको" असे ॲपला कळवावे. आपण एखाद्या चित्रावर किती वेळ रेंगाळतो हेही ॲप मोजत असते, त्यामुळे चिडून किंवा हेव्याने पाहिलेले चित्रही तसलीच आणखी चित्रे घेऊन येते, हे तिला सांगावे. पुष्कळ मुलींना ही गोष्ट खरोखर नवी असते.

वेळ कमी केल्याने फरक पडतो का? कॅनडातील एका प्रयोगात १७ ते २५ वयोगटातील तरुणांनी समाजमाध्यमांवरचा वेळ तीन आठवडे साधारण निम्म्यावर आणला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरे वाटू लागले होते. हे तरुण आधीपासून चिंता किंवा उदासीनतेची लक्षणे असलेले होते, तरीही घरात अशी तीन आठवड्यांची पैज लावून पाहायला हरकत नाही. अट एकच: ती पालकांनीही पाळावी.

घरातले बोलणे

इथपर्यंत सांगितलेले सारे तुलनेने सोपे आहे, कारण दोष बाहेरच्यांचा आहे. खरी कसोटी घरात लागते. आई आरशासमोर उभी राहून "किती सुटले आहे मी, ही साडी आता शोभत नाही" म्हणते, वडील टीव्हीवरील निवेदिकेच्या वजनावर शेरा मारतात, भाऊ बहिणीला "जाडे" म्हणून हाक मारतो आणि सगळे हसतात. मुलगीही हसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्वतःच्या शरीराबद्दल समाधानाने राहणारे एकही मोठे माणूस जिने पाहिलेले नाही, तिने ते समाधान कोठून शिकावे?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये किशोरवयीनांबाबत दिलेल्या सल्ल्यात पालकांनी वजनावर बोलणे आणि डाएट करायला लावणे टाळावे, वजनावरून चिडवणे पूर्ण बंद करावे आणि शक्य तितक्या वेळा सर्वांनी एकत्र जेवावे, असे म्हटले आहे. मुलीचे वजन खरोखर चिंतेचे असले तरी हाच मार्ग बरा. काय खावे, किती खेळावे याचे बदल संपूर्ण घरासाठी करावेत. एकटीच्या ताटातले काढून घेऊ नये. पालक वजनाविषयी बोलतात त्या घरांतील मुले खाण्याच्या घातक सवयींकडे अधिक वळलेली दिसतात, तर फक्त चांगल्या आहाराविषयी बोलणाऱ्या घरांत तसे कमी दिसते.

नातेवाइकांचा प्रश्न नाजूक असतो. समारंभात मावशी किंवा काकू भेटल्या भेटल्या "अगं, केवढी जाड झालीस!" म्हणतात आणि त्यात वाईट हेतू नसतो. अशा वेळी मुलीनेच उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवू नये, आईने किंवा वडिलांनी हसतमुखाने, पण तिच्या देखत म्हणावे, "काकू, तिच्या वजनाचा विषय नको. ती हल्ली काय वाचते ते विचारा, तासभर सांगेल." काकूंना क्षणभर ओशाळल्यासारखे होईल. होऊ द्यावे. आपल्या बाजूने कोणी उभे राहिले हे मुलगी विसरत नाही. याच्या उलट, "वा, किती बारीक झालीस, छान दिसतेस!" ही शाबासकीही द्यायची नाही. मुलगी उपाशी राहून बारीक झाली आहे की आजाराने, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ती उपाशी राहिली असेल तर तिच्या उपासमारीवर आपण शिक्कामोर्तब करतो.

मग कौतुक करायचेच नाही का? जरूर करावे, दिसण्याचेही अधूनमधून करावे. परंतु शरीर काय करू शकते याबद्दल अधिक बोलावे: डोंगर चढताना तिला धाप लागली नाही, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, तिच्या हाताला आता चित्रातली रेषा सापडू लागली आहे. सतत आपण कसे दिसतो याकडे लक्ष ठेवण्याची किंमत मोजावी लागते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकांतात, आरशासमोर, काहींना पोहण्याचा पोशाख तर काहींना स्वेटर घालायला देऊन गणिते सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातील मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांत तसा फरक पडला नाही. खोलीत पाहणारे दुसरे कोणीही नव्हते. वर्गात हात वर करताना बाही सावरणाऱ्या मुलीचे निम्मे लक्ष कोठे असते, याचा अंदाज शिक्षकांनी यावरून बांधावा.

तिलाच वकील करावे

खाण्याचे विकार टाळण्याच्या उपायांत ज्याचा परिणाम सर्वांत चांगला तपासला गेला आहे, त्यात व्याख्यान नाही. एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या "बॉडी प्रोजेक्ट" या कार्यक्रमात मुली छोट्या गटात बसून सडपातळपणाच्या आदर्शाविरुद्ध स्वतः युक्तिवाद करतात. जे आपण आपल्या तोंडाने, स्वेच्छेने मांडले, त्याच्या विरुद्ध विश्वास मनात बाळगणे अवघड जाते, असे त्यामागचे तत्त्व आहे. शिक्षकांना यातील एक कृती वर्गात सहज घेता येते. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान मुलीला पत्र लिहायचे: "मासिकातल्या बाईसारखे दिसण्यासाठी धडपडलीस तर तुझे काय काय जाईल?" वेळ, पैसा, झोप, मैत्री, खेळ, खाण्यातला आनंद अशी उत्तरे मुली आपापल्या शब्दांत देतात. शिक्षकाने फक्त ऐकावे, दुरुस्त्या सुचवू नयेत आणि पत्रांना गुण तर मुळीच देऊ नयेत. कृतीत सक्ती आली की परिणाम गळून पडतो.

मुलांनाही, म्हणजे मुलग्यांनाही, या चर्चेत वेगळ्या वेळी सामील करावे. चिडवणाऱ्यांत ते असतात, आणि स्नायूंच्या आदर्शाचा काच त्यांनाही असतोच.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

साधी नाराजी आणि आजार यांतली सीमा पालकांनी ओळखायला हवी. जेवणाच्या वेळी रोज काही ना काही कारण काढून उठणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवणे, चोरून भरमसाट खाणे, झपाट्याने वजन उतरणे, सुरू झालेली पाळी बंद पडणे, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, दुखापत असतानाही व्यायाम न सोडणे, बोटांच्या पेरांवर घट्टे पडणे: यांपैकी एकापेक्षा अधिक गोष्टी दिसल्या तर "वयाचे खूळ आहे, जाईल" म्हणून थांबू नये. अॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाकण्याचा विकार, हा मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि खाण्याचे विकार असलेल्या सर्वच मुली अंगाने बारीक दिसतात असेही नाही. एखाद्या बारीकशा व्यंगाच्या कल्पनेने रोज कित्येक तास आरशात घालवणे किंवा आरसे टाळणे, शाळाच नको म्हणणे, हाही स्वतंत्र विकार असू शकतो. स्वतःला इजा करण्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन नाडी, रक्तदाब, वजन आणि रक्त यांची तपासणी करावी, आणि त्यांच्या सल्ल्याने मनोविकारतज्ज्ञांकडे. जाण्यापूर्वी गेल्या काही आठवड्यांत काय दिसले ते तारखांसह लिहून न्यावे, कारण डॉक्टरांसमोर मुलगी "मी व्यवस्थित जेवते" असेच सांगण्याची शक्यता असते. किशोरवयीनांच्या अॅनोरेक्सियावर कुटुंबाला सोबत घेऊन केले जाणारे उपचार परिणामकारक ठरले आहेत. त्यांत सुरुवातीचा काही काळ मुलीच्या जेवणाची जबाबदारी पालक स्वतःकडे घेतात आणि प्रकृती सुधारेल तशी ती हळूहळू तिच्या हाती परत देतात. या काळात घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: "आता जरा बरी दिसायला लागलीस" असे तिला म्हणू नये. बरी होत असलेल्या मुलीच्या कानांना ते "जाड झालीस" असेच ऐकू येते, आणि पुढचे जेवण तेवढ्यावरून अडते. तिला भेटून आनंद झाला एवढे म्हणावे आणि दुसऱ्या विषयाकडे वळावे.